सांगकाम्या संगणक

संगणकाचे नाव निघताच आपल्या समाजात दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. पहिली भिणारी आणि दुसरी भुलणारी. भिणाऱ्यांस वाटते की, हे यंत्र म्हणजे शहरात राहणाऱ्या व फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींची मिरास आहे. आपले बोट लागले की त्यात काहीतरी बिघडलेच म्हणून समजावे. भुलणाऱ्यांस वाटते की, यंत्राने सांगितले म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. वरवर पाहता ही दोन टोके भासतात; परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे यंत्राच्या स्वभावाची अनोळख.

मोरजीसारख्या गावात ही अनोळख आता परवडण्यासारखी नाही. श्रीमोरजाईच्या या गावाच्या एका अंगास शापोरा नदी आणि दुसऱ्या अंगास समुद्र आहे. येथील रापणकाराच्या खिशात मोबाइल असतो. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरात पाहुण्याच्या आधी पाहुण्याचे पैसे येऊन पोहोचतात. पेडणे तालुक्यातील मोपा येथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आणि त्यांतून उतरणारा प्रवासी हातातील पडद्यावर रस्ता पाहत आपल्या अंगणापर्यंत येतो. संगणक असा आपल्या घरात येऊन बसला आहे. पण घरातील किती जणांची त्याच्याशी खरी ओळख झाली आहे? पडद्यावर बोट सरकवता येणे म्हणजे संगणक-साक्षरता नव्हे. पूर्वी अंगठा उठवणाऱ्या माणसालाही कागद हातात धरता येत होता. त्यावर काय लिहिले आहे, एवढेच काय ते त्यास कळत नसे, आणि तेवढ्यापायी त्याची जमीन जात असे.

भीती घालवण्याचे उपाय पुष्कळ आहेत. त्यांतील सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय म्हणजे हसणे. संगणकाच्या धंद्यातील माणसे स्वतःवर आणि स्वतःच्या यंत्रांवर मनमुराद हसत आली आहेत. त्यांचा विनोद ज्याला कळला, त्याला यंत्रही निम्मे कळले, असे आमचे मत आहे. म्हणून या लेखात आम्ही त्यांच्या विनोदाच्या वाटेनेच संगणकाच्या घरात शिरणार आहोत.

सांगकाम्याचा स्वभाव

सांगकाम्या गड्याच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर सांगितल्या जातात. धनी म्हणाला, “दिव्याकडे लक्ष ठेव.” गडी रात्रभर दिव्यासमोर बसून राहिला. तेल संपले, वात जळाली, दिवा विझला. धन्याने रागावून विचारले, तेव्हा गडी शांतपणे म्हणाला, “लक्ष ठेवायला सांगितले होते, ते ठेवले. तेल घालायला कोणी सांगितले?”

संगणक हा असा गडी आहे. तो कंटाळत नाही, थकत नाही, उलट बोलत नाही आणि एका क्षणात कोट्यवधी बेरजा करतो. पण धन्याच्या मनात काय होते, हे तो ओळखत नाही. धन्याने काय सांगितले, तेवढेच तो करतो. आपण त्याला “पेज कर” म्हणालो, तर त्याला काही समजणार नाही. पाणी किती, उकडे तांदूळ किती, ते कितीदा धुवायचे, चूल केव्हा पेटवायची, मीठ केव्हा घालायचे, शिजले हे कशावरून ओळखायचे, हे सारे क्रमाने सांगावे लागेल. आणि “आता आच बंद कर” ही शेवटची पायरी आपण विसरलो, तर तांदळाचा कोळसा होईपर्यंत तो इमानाने शिजवत राहील. अशा क्रमवार सूचनांच्या यादीस ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. रोज पेज करणाऱ्या आजीला हा क्रम मुखोद्गत असतो. तिला फक्त त्याचे हे नवे नाव ठाऊक नसते.

या यंत्राची कल्पना एकोणिसाव्या शतकात प्रथम नेटाने मांडणारे इंग्लंडचे गणिती चार्ल्स बॅबेज यांना पार्लमेंटच्या सभासदांनी दोनदा एकच प्रश्न विचारला होता : यंत्रात चुकीचे आकडे घातले, तर बरोबर उत्तर बाहेर येईल काय? असा प्रश्न सुचण्यासाठी डोक्यात किती गोंधळ असावा लागतो, याचे बॅबेजसाहेबांना नवल वाटले आणि १८६४ साली आपल्या आठवणींत त्यांनी ते नमूद करून ठेवले. आपल्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडला नसता. पेरावे तसे उगवते, हे त्यास बी-बियाण्यापासून ठाऊक आहे.

चुकीचे पेरल्यावर काय उगवते, त्याचा एक मासला पाहा. जुन्या काळी संगणकाच्या स्मृतीतील जागा फार महाग असे. म्हणून वर्ष लिहिताना चार आकड्यांऐवजी शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची प्रथा पडली. १९९२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १०४ वर्षांच्या एका आजीबाईंना बालवाडीत दाखल होण्याचे निमंत्रण गेले! त्यांचा जन्म १८८८ सालचा. यंत्राला दिसले फक्त ‘८८’. त्यावरून त्याने हिशेब केला की, हे बाळ चार वर्षांचे झाले. यंत्राची वजाबाकी बिनचूक होती. चूक होती ती दोन आकडे वाचवणाऱ्या माणसाची.

हीच काटकसर इ. स. २००० उगवण्याच्या सुमारास साऱ्या जगाला महागात पडली. बँका, विमाने, वीजकेंद्रे यांच्या संगणकांना ‘००’ म्हणजे १९०० वाटले तर काय होईल, या धास्तीने जुन्या प्रोग्रॅमांच्या कोट्यवधी ओळी तपासाव्या लागल्या. त्या कामाचा मोठा वाटा मुंबई, पुणे, बंगळूर येथील भारतीय कंपन्यांस मिळाला आणि त्यांची जगभर ओळख झाली. संगणकाच्या धंद्यातील हा पहिल्या प्रतीचा विनोद आहे : एका पिढीने दोन आकडे वाचवले आणि दुसऱ्या पिढीने ते परत लिहिण्याचे पैसे घेतले.

गोमंतकीय गणिती आणि मुंबईचे यंत्र

संगणकाशी आपला संबंध कालपरवाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. गोव्यातील कोसबे येथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे थोर गणिती व इतिहासकार मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. भारतात एकही विद्युत्-संगणक नव्हता, त्या काळी, म्हणजे १९४८-४९ साली, युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेस गेले व या नव्या गणनयंत्रांचा त्यांनी अभ्यास केला.

पुढे त्याच संस्थेत प्रा. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधला. तो १९६० साली काम करू लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. एवढा पसारा असूनही त्याची स्मृती केवढी? चाळीस द्विमान अंकांचा एक, असे २,०४८ शब्द. आजच्या पद्धतीने देवनागरी अक्षरे साठवायची म्हटली, तर वाचकांच्या हातातील या लेखाचा निम्मा भागही त्यात मावला नसता. आज शाळकरी मुलाच्या हातातील मोबाइलची स्मृती त्याच्या लक्षावधी पट असते आणि तिचा बराचसा भाग ‘सुप्रभात’ म्हणणाऱ्या फुलांच्या चित्रांनी व्यापलेला असतो. प्रगती म्हणतात ती हीच!

आणखी एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आधी यंत्रासाठी नव्हताच. कचेरीत बसून हाताने आकडेमोड करणाऱ्या कारकुनांस, स्त्रियांस व पुरुषांस, तो लावला जाई. माणसाचे पद यंत्राने घेतले, तसे नावही घेतले. आपण मात्र ‘संगणक’ असा नवा शब्द घडवून कारकुनाची अब्रू राखली आहे.

पतंग, उंदीर, कबुतर आणि किटली

संगणकाच्या जगातील शब्द ऐकले, तर एखाद्या प्राणिसंग्रहालयात किंवा खानावळीत शिरल्यासारखे वाटते. त्यांतील काहींची जन्मकथा सांगण्यासारखी आहे.

प्रोग्रॅममधील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. कामातील अडचणीस किडा म्हणण्याची चाल एडिसनच्या काळापासूनची आहे. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवले की, प्रत्यक्ष किडा सापडल्याचे हे पहिलेच उदाहरण. त्या गटातील ग्रेस हॉपर यांनी पुढे ही हकीकत जगभर सांगितली. ती नोंदवही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याभोवती झेपावणारे पतंग पेडण्यातील मुलांस काही नवे नाहीत. फरक एवढाच की, आपण ते झाडून टाकतो; त्यांनी तारीख घालून चिकटवला. दोष दडवू नये, त्याची नोंद करावी, हा शास्त्राचा पहिला धडा त्या मेलेल्या पतंगाने शिकवला आहे.

‘माऊस’ म्हणजे उंदीर. अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ साली लाकडाचा पहिला माऊस तयार झाला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो लोकांसमोर आला. मागे शेपटीसारखी तार, म्हणून हे नाव. आपल्याकडे चवथीला घरोघर विद्येचे दैवत येते, त्याच्या पायाशी उंदीर असतोच. विद्येला उंदराची गरज लागणार, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, असा दावा उद्या कोणी केला, तर मुलांनी खुशाल हसावे. पण त्यावर विश्वास ठेवू नये.

आता कबुतराची गोष्ट. इंटरनेटवरून संदेश जातो, तो एकसंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता व अनुक्रमांक घालतात. हे तुकडे मिळेल त्या वाटेने जातात, पलीकडे क्रमाने जोडले जातात आणि एखादा हरवला तर पुन्हा मागवला जातो. तुकडा कोणी वाहून नेला, तारेने की आकाशलहरींनी, याच्याशी नियमांस कर्तव्य नसते. याच गोष्टीचा आधार घेऊन १ एप्रिल १९९० रोजी इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या गंभीर मंडळींच्या दप्तरात एक नियमपत्र दाखल झाले : संदेशाचे तुकडे कबुतरांच्या पायांस बांधून कसे पाठवावेत! अकरा वर्षांनी, २८ एप्रिल २००१ रोजी, नॉर्वेमधील बर्गेन गावच्या हौशी लोकांनी ते खरोखर करून पाहिले. नऊ तुकडे पाठवले, चारांची उत्तरे आली आणि एकेका उत्तरास सुमारे त्रेपन्न मिनिटांपासून पावणेदोन तासांपर्यंत वेळ लागला. पावसात आपल्याकडे ‘नेटवर्क’ जाते, तेव्हा त्या कबुतरांची आठवण ठेवल्यास मन शांत राहते.

किटलीची कथा याहून सरस आहे. एखादे पान संगणकाला सापडले नाही, तर तो ‘४०४’ हा आकडा दाखवतो, हे अनेकांनी पाहिले असेल. असे ठरावीक अर्थांचे पुष्कळ आकडे आहेत. १ एप्रिल १९९८ रोजी कोणा विनोदी गृहस्थाने त्यांत ४१८ हा आकडा घुसवला. त्याचा अर्थ असा : “मी चहाची किटली आहे, माझ्याकडे कॉफी मागू नका.” पुढे २०१७ साली काही शिस्तप्रिय मंडळी हा आकडा काढून टाकायला निघाली, तेव्हा एका शाळकरी मुलाने तो वाचवण्यासाठी मोहीम उघडली आणि जगभरचे तंत्रज्ञ त्याच्या पाठीशी उभे राहिले. किटली वाचली. आपल्याला जे येत नाही, ते येत नाही असे सरळ सांगावे, ही त्या किटलीची शिकवण मोठमोठ्या यंत्रांनी अद्याप घ्यायची आहे. त्याविषयी पुढे सांगू.

लिपी कोणाची?

एवढे हसून झाल्यावर एका गंभीर गोष्टीकडे वळू. मराठी माध्यमाच्या पुष्कळ मुलांच्या मनात एक सल असते : संगणकाची भाषा इंग्रजी, आपण मागेच राहणार. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

भारतातील पहिले छापण्याचे यंत्र १५५६ साली गोव्यातच उतरले. पण त्या यंत्राजवळ आपल्या लिपीचे खिळे नव्हते. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते रोमी लिपीत. यंत्र आले, भाषा आली, परंतु लिपी बाहेरच उभी राहिली. आज चारशे वर्षांनंतर आपली मुले मोबाइलवर मराठी संदेश लिहितात, तेही बहुधा रोमी अक्षरांतच. त्या काळी खिळे नव्हते. आज अक्षरे हाताशी आहेत आणि आपण ती उचलत नाही, एवढाच फरक. परिणाम काय होतो? रोमी वेषात ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ ही चौघे भाऊ एकसारखी दिसू लागतात. आईने बाजारातून ‘डाळ’ आणायला सांगावी आणि मुलाने ‘ढाल’ कुठे मिळेल म्हणून विचारत फिरावे, अशी ही अवस्था.

संगणकाला वास्तविक कोणतीच लिपी येत नाही. इंग्रजीही येत नाही. त्याला फक्त आकडे कळतात आणि तेही शून्य व एक या दोनच अंकांत लिहिलेले. प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक दिलेला असतो. पूर्वी देवनागरीचे क्रमांक प्रत्येक कारखानदार आपल्या मनाप्रमाणे ठरवी. त्यामुळे एका ठिकाणी लिहिलेला सुंदर मराठी निबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की, चौकोन, त्रिकोण आणि उद्गारचिन्हे यांची जत्रा दिसे. पुढे भारतीय मानक ठरले आणि १९९१ साली ‘युनिकोड’ या जागतिक यादीत देवनागरीला कायमची जागा मिळाली. त्या यादीप्रमाणे ‘मोरजी’ हा शब्द संगणकाला असा दिसतो : म म्हणजे २३५०, ओकाराची मात्रा २३७९, र म्हणजे २३५२, ज म्हणजे २३३२ आणि दीर्घ ईकाराची वेलांटी २३६८. यांतील २३५० हा ‘म’ द्विमान पद्धतीत १००१००१०१११० असा लिहितात. इंग्रजीच्या ‘ए’ला ६५ हा क्रमांक आहे. यंत्राच्या लेखी ६५ आणि २३५० हे दोन आकडे आहेत. त्यांत कोणी उच्च नाही की नीच नाही. आपल्या ‘ळ’ लाही २३५५ हा स्वतःचा क्रमांक आहे. घरपट्टी भरल्यासारखी त्याची जागा पक्की झाली आहे.

देवनागरी टंकनासाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची कळफलकाची प्रमाण मांडणी आहे. तिच्यात डाव्या हाताशी स्वर व उजव्या हाताशी व्यंजने आहेत. कळ नुसती दाबली की ‘क’, दुसरी ‘शिफ्ट’ची कळ दाबून तीच दाबली की ‘ख’. तसेच ग-घ, च-छ, त-थ. ज्याची बाराखडी पाठ आहे, त्याला ही मांडणी शिकण्यास थोड्या दिवसांचा सराव पुरतो. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००३ सालापासून याच अक्षरांत वाढतो आहे आणि त्यात भर घालण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

राहता राहिली विचाराची भाषा. प्रोग्रॅम लिहिणारे लोक टेबलावर रबराचे एक बदक ठेवतात, ही आणखी एक गंमत. प्रोग्रॅम चुकला की, त्याची एकेक ओळ त्या बदकाला मोठ्याने समजावून सांगायची. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच सापडते. १९९९ सालच्या एका इंग्रजी पुस्तकाने ही युक्ती प्रसिद्ध केली. आता विचार करा : बदकाला समजावताना मोरजीच्या मुलाने कोणती भाषा वापरावी? ज्या भाषेत त्याला चटकन ‘अरे, इथे चुकले!’ असे म्हणता येते, तीच. प्रोग्रॅममधील शे-दीडशे इंग्रजी शब्द पाठ करणे हे काही दिवसांचे काम आहे. परंतु क्रमाने, स्वच्छ विचार करणे हे वर्षांचे काम आहे आणि ते मातृभाषेतच लवकर साधते. बदक न मिळाल्यास गोठ्यातली गाय चालेल. ती अधिक शांतपणे ऐकते.

शाळांतील वाटचाल

ही विद्या आपल्या घरांपर्यंत आणण्याचे प्रयत्नही झाले आहेत. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम मराठीतूनही उपलब्ध करून खेडोपाडी संगणकवर्ग पोहोचवले. गोव्यात मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर, जे स्वतः मुंबईच्या आय. आय. टी. चे अभियंते होते, त्यांच्या कारकिर्दीत २००२ च्या सुमारास ‘सायबरएज’ योजना निघाली आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक जाऊ लागले. २०२१ साली गोवा शासनाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रोग्रॅमलेखन व यंत्रमानव यांच्या शिक्षणाची योजना हाती घेतली.

यंत्रे आली, हे चांगले झाले. पण खरी गरज यंत्रापेक्षा आधीच्या एका सवयीची आहे आणि तिला वीजही लागत नाही. वर्गातील एकाने सांगकाम्या व्हावे. दुसऱ्याने त्याला दारापासून फळ्यापर्यंत न्यावे. फक्त ‘एक पाऊल पुढे’, ‘उजवीकडे वळ’, ‘थांब’ एवढ्याच आज्ञा द्याव्यात. सांगकाम्याने स्वतःची अक्कल मुळीच वापरू नये. पाच मिनिटांत सारा वर्ग हसून लोळेल, सांगकाम्या दोनदा बाकावर आदळेल आणि प्रोग्रॅम म्हणजे काय, हे सर्वांस कळलेले असेल.

संकासुर दारात

आपल्या जत्रांतील काल्यात व दशावतारात संकासुर येतो. काळा वेष, लोंबती लाल जीभ. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा दैत्य. पण रंगभूमीवर तो लोकांना हसवतो. लहान मुले आधी घाबरतात आणि मग खदखदून हसतात. आजचा संकासुर मात्र काळा वेष घालून येत नाही. तो दूरध्वनीवरून गोड आवाजात “बँकेतून बोलतोय” म्हणतो, वेदांऐवजी गुप्त आकडे मागतो आणि मोठ्यांनाही रडवतो.

त्याच्या युक्त्या ओळखण्यास थोडेच नियम पुरतात. मोबाइलवरून पैसे देण्यासाठी गुप्त आकडा लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. “खोलीची आगाऊ रक्कम पाठवतो, तेवढा हा चौकोन टिपून तुमचा आकडा घाला,” असे पाहुणा म्हणाला, तर तो पाहुणा नव्हे. कोणतीही बँक गुप्त आकडा विचारत नाही. “तुम्हाला डिजिटल अटक केली आहे,” असे पोलिसी वेषातील माणूस पडद्यावरून सांगू लागला, तर खुशाल हसावे व संभाषण बंद करावे. तशी अटक आपल्या कायद्यात नाही. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे; जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. हे नियम ज्या मुलाला कळले, त्याने ते प्रथम आपल्या आजी-आजोबांस सांगावेत, कारण संकासुराची नजर त्यांच्यावर अधिक असते.

२०२२ च्या अखेरीपासून सांगकाम्याला वाचाही फुटली आहे. आता तो प्रश्नांची उत्तरे देतो, निबंध लिहितो, कविता करतो. तो हे कसे करतो? मनुष्याने लिहिलेला अफाट मजकूर त्याच्याकडून घोटवून घेतलेला असतो आणि त्यावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द शोभेल, याचा तो अंदाज बांधतो. अंदाज पुष्कळदा अचूक ठरतो. जेव्हा चुकतो, तेव्हाही त्याचा आवाज तितकाच ठाम असतो. ‘मी किटली आहे, मला कॉफी येत नाही,’ असे सांगण्याचे शहाणपण त्याच्या अंगी अजून पुरते बाणलेले नाही. त्याला मोरजीचा इतिहास विचारावा, जरूर विचारावा. मग ते उत्तर घेऊन गावातील जाणत्या माणसाकडे आणि ग्रंथालयात जावे व पडताळून पाहावे. पडताळणारा मुलगा यंत्राचा धनी होतो. न पडताळता उतरवून काढणारा यंत्राचा सांगकाम्या होतो. भूमिकांची ही अदलाबदल हा या धंद्यातील असा विनोद आहे की, ज्याला कोणी हसू नये.

तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. रात्री वाळूतून वर आलेली पिल्ले उजळ दिसणाऱ्या समुद्राच्या रोखाने धावतात, ही त्यांची उपजत बुद्धी. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असले की ती भलत्याच दिशेने जातात. दोष पिल्लांचा नसतो. म्हणून तर वनखात्याची माणसे घरट्यांची राखण करतात आणि किनाऱ्यावरील दिवे मंद ठेवण्याचा आग्रह धरला जातो. लहान मुलांच्या हातातील पडद्याचेही असेच आहे. तो जितका अधिक वेळ पाहिला जाईल, तितकी त्याच्या मालकांची कमाई अधिक. म्हणून तो झगझगीत केलेला असतो. घरातील वडीलधाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी सर्वांचेच मोबाइल, स्वतःचासुद्धा, बाजूला ठेवले, तर राखणीची निम्मी कामगिरी पार पडली.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, संगणकास भिऊ नका व त्यास भुलूही नका. तो इमानी आहे, वेगवान आहे आणि बिनडोक आहे. त्याला काय सांगावे, हे ठरवण्याचे काम तुमचे. या सुट्टीत प्रत्येकाने एवढे करावे : आपल्या मोबाइलवर देवनागरी कळफलक सुरू करावा, पहिला संदेश शुद्ध मराठीत आजीला पाठवावा आणि तो वाचायचा कसा, हे तिच्याजवळ बसून तिला शिकवावे. मोबदल्यात तिच्याकडून पेजेचा क्रम पायरीपायरीने लिहून घ्यावा. त्यात एकही पायरी सुटली नाही, तर तुमचा पहिला प्रोग्रॅम तयार झाला असे समजावे.